छोट्या दुकानदारांसाठी सरकारी मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या किराणा, कापड, स्टेशनरी, हार्डवेअर, औषधे, भांडी अशा दुकानांसाठी आणि हातगाडीवाल्यांसाठी आहे. केंद्राच्या योजना गोव्यात आणि इतर राज्यांतही तशाच लागू होतात. महामंडळांचा भाग मात्र फक्त महाराष्ट्रापुरता आहे.

चालू दुकान टिकवण्यासाठी सरकार रोख अनुदान देते का?

साध्या दुकानाला नाही. हे आधीच समजून घेतले तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात. भांडवली अनुदान असलेल्या बहुतेक योजना नव्या उद्योगांसाठी आहेत, आणि त्यांतही उत्पादन व सेवा यांना झुकते माप असते. दुकानदाराच्या वाट्याला येते ते असे: विनातारण कर्ज, काही समाजघटकांना कर्जावरच्या व्याजाचा परतावा, जीएसटीत सवलतीची पद्धत, स्वस्त विमा आणि पूर-आपत्तीनंतरची मदत. ‘किराणा दुकानासाठी 50 टक्के अनुदान’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांतले बरेचसे दुसऱ्या राज्याच्या योजनेचे किंवा सपशेल खोटे असतात. उदाहरणार्थ, महिलांसाठीची ‘उद्योगिनी’ योजना कर्नाटक सरकारची आहे. महाराष्ट्रातल्या बँकेत तिचा अर्ज मागितला तर मॅनेजर काहीच करू शकत नाही.

उद्यम नोंदणी दुकानाला मिळते का? तिचा उपयोग काय?

मिळते. उद्यम ही सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2017 मध्ये या उद्योगांच्या व्याख्येतून बाहेर काढले होते, 2 जुलै 2021 ला परत आत घेतले. पण परत घेताना एक अट घातली: व्यापाऱ्यांना फायदा फक्त अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता. म्हणजे बँक तुम्हाला दिलेले कर्ज तिच्या अग्रक्रमाच्या उद्दिष्टात धरू शकते, म्हणून तिला ते द्यायला सोयीचे जाते. इतकेच.

त्यामुळे गिऱ्हाईकाने किंवा एखाद्या कंपनीने पैसे थकवले म्हणून ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करायला गेलेला व्यापारी रिकाम्या हाती परततो. उशिरा पेमेंटचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्याला नाही. उलट बाजू मात्र दुकानदाराला लागते. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला आणि त्याचे पैसे 15 दिवसांत (लेखी करार असल्यास करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत) दिले नाहीत, आणि ते वर्षअखेरीस थकलेले राहिले, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. अंदाजित नफ्याच्या पद्धतीने (वह्या न ठेवता विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून) विवरणपत्र भरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवून नफा दाखवणाऱ्यांनी मार्च महिन्यात पुरवठादारांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

नोंदणी करताना नेमके काय भरायचे?

आधार (मोबाइल नंबर जोडलेला हवा), पॅन, बँक खाते आणि दुकानाचा पत्ता. कागद अपलोड करावे लागत नाहीत आणि फी शून्य. ‘उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन’ हे एकच सरकारी संकेतस्थळ आहे. तसेच दिसणारी खासगी संकेतस्थळे हजार-दोन हजार रुपये उकळतात आणि शेवटी त्याच मोफत पोर्टलवर तुमचा अर्ज भरतात.

फॉर्ममध्ये चूक होते ती व्यवसायाच्या प्रकारात. आधी ‘सेवा’ निवडावे लागते, मग त्याखाली ‘ट्रेडिंग’ आणि ‘नॉन-ट्रेडिंग’ असे दोन पर्याय येतात. घाईत ‘नॉन-ट्रेडिंग’ दाबले जाते, मग बँकेत प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष धंदा जुळत नाही. फॉर्ममध्ये व्यवसायाचा कोडही निवडायचा असतो. किरकोळ विक्रीचे कोड 47 ने सुरू होतात: किराण्यासारख्या मिश्र दुकानाला 47110, कापडाला 4751 च्या आणि तयार कपड्यांना 4771 च्या खालचे, औषधांना 4772, हार्डवेअर-रंगांना 4752. दुकानातच पिठाची गिरणी किंवा मसाला कांडप असेल तर तो व्यवसायही वेगळ्या कोडने जोडा, कारण अन्नप्रक्रियेच्या योजनांसाठी तोच भाग मोजला जातो.

पॅन किंवा जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या धंद्यांसाठी जानेवारी 2023 पासून उद्यम असिस्ट हा वेगळा मार्ग आहे. तिथे नोंदणी बँक किंवा वित्तसंस्थेमार्फत होते.

मुद्रा कर्जात मला किती मिळू शकते?

शिशू गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत. ऑक्टोबर 2024 पासून तरुण प्लस हा 20 लाखांपर्यंतचा चौथा गट आला, पण तो आधीचे तरुण कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांसाठीच आहे. व्यापार या योजनेत स्पष्टपणे बसतो. तारण लागत नाही, कारण कर्जाला सरकारी हमी निधीचे पाठबळ असते. व्याजदर बँक ठरवते आणि त्यात अनुदान नाही. ‘मुद्राचे कर्ज माफ होते’ हा समज अनेकांची सिबिल (कर्जफेडीची पत) घालवून बसला आहे. हमी बँकेला असते, कर्जदाराला नाही. थकले की वसुली तुमच्याकडूनच.

शिशूचा अर्ज एका पानाचा, किशोर-तरुणचा तीन पानांचा. 2 लाखांच्या पुढे बँक मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद व विवरणपत्रे आणि पुढच्या वर्षाचा अंदाजित ताळेबंद मागते. त्याशिवाय सहा महिन्यांचे खाते-उतारे, मालाची किंवा फर्निचरची कोटेशन, गुमास्ता (दुकान कायद्याखालची) नोंद आणि जागेचा पुरावा लागतो.

कर्ज हप्त्याचे घ्यावे की सीसी?

इथे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर.

फ्रीज, रॅक, काउंटर, बिलिंग मशीन या वस्तू वर्षानुवर्षे टिकतात. त्यांना हप्त्याचे कर्ज योग्य. माल मात्र फिरता असतो: आज भरला, महिन्याभरात विकला, परत भरला. त्यासाठी सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. वापराल तेवढ्याच रकमेवर, तेवढ्याच दिवसांचे व्याज. मालासाठी पाच वर्षांचे हप्त्याचे कर्ज घेतले तर दर महिन्याला हप्ता गल्ल्यातून जातो, भांडवल आटत जाते आणि दिवाळीच्या आधी माल भरायला पुन्हा सावकाराचे दार. बँकेला हप्त्याचे कर्ज सांभाळायला सोपे, म्हणून ती तेच पुढे करते. अर्जातच ‘खेळते भांडवल, कॅश क्रेडिट’ असे लिहा.

रक्कम किती मागायची याचे गणित ठरलेले आहे. लहान उद्योगांसाठी बँका अंदाजित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के खेळत्या भांडवलाची गरज धरतात. त्यातले 20 टक्के बँकेचे, 5 टक्के तुमचे. उलाढाल 40 लाख असेल तर गरज 10 लाख, बँक 8 लाख, तुमचे 2 लाख. उलाढालीचा आकडा खाते-उतारा आणि जीएसटी विवरणपत्राशी जुळला पाहिजे. खात्यात वर्षाला 12 लाख जमा दिसत असतील आणि अर्जात 40 लाख लिहिले असतील तर फाइल तिथेच थांबते. रोखीची विक्री दुसऱ्या दिवशी खात्यात भरायची सवय कर्ज मागण्याच्या आधी किमान सहा महिने लावून घ्यावी.

स्टॉक स्टेटमेंट म्हणजे काय? बँक दर महिन्याला का मागते?

सीसीची मंजूर मर्यादा 4 लाख असली तरी प्रत्यक्षात काढता येणारी रक्कम दुकानातल्या मालावर ठरते. समजा महिनाअखेर माल 6 लाखांचा आहे आणि त्यातल्या दीड लाखाचे पैसे पुरवठादाराला द्यायचे आहेत. उरले साडेचार लाख. त्यातून 25 टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) वजा केले की काढता येतात 3,37,500 रुपये. हा आकडा काढण्यासाठी बँकेला द्यायचा माल आणि देणी यांचा महिन्याचा हिशेब म्हणजे स्टॉक स्टेटमेंट.

ते दिले नाही तर आधी दंडात्मक आकार लागतो. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर खाते चालत राहिले तर ते अनियमित धरले जाते, आणि ही स्थिती 90 दिवस टिकली तर व्याज भरत असूनही खाते एनपीए (थकीत कर्ज) होऊ शकते. माल फुगवून दाखवणे हाही वाईट मार्ग. बँकेचा माणूस पाहणीला येतो, आणि आग किंवा पूर झाल्यावर विमा कंपनी हीच स्टेटमेंट मागवते.

बँक अर्जच घेत नाही. काय करावे?

तोंडी विचारणा करू नका. केंद्राच्या जनसमर्थ या कर्ज पोर्टलवरून अर्ज करा किंवा शाखेत दोन प्रती नेऊन एकीवर तारखेसह पोच घ्या. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 25 लाखांपर्यंतच्या कर्जांबाबत, कागद पूर्ण असल्यास 14 कामाच्या दिवसांत निर्णय द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. नकार असेल तर कारण लेखी मागा. लेखी कारण मागितल्यावर बरेचदा सूर बदलतो. तरीही काही झाले नाही तर आधी बँकेच्याच तक्रार विभागाकडे, 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. लोकपाल बँकेला कर्ज द्यायला लावत नाही, पण अर्ज दाबून ठेवणे, पोच न देणे, कारण न सांगणे यांची दखल घेतो.

नकाराची खरी कारणे मात्र बहुधा आपल्याच बाजूला सापडतात: मोबाइल किंवा गाडीचा चुकलेला हप्ता, कोणाला दिलेला जामीन थकणे, किंवा जागेचा कागद नसणे. भाड्याच्या गाळ्याला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार हवा. महाराष्ट्रात तो नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, हे मालकाला सांगायला हरकत नाही.

व्याज परतावा कोणाला मिळतो?

मराठा समाज आणि ज्यांच्यासाठी स्वतंत्र महामंडळ नाही अशा घटकांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची वैयक्तिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. कर्ज 15 लाखांपर्यंत, व्याजदर 12 टक्क्यांपर्यंत, मुदत सात वर्षांपर्यंत आणि एकूण परतावा जास्तीत जास्त साडेचार लाख रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे. दुकान या योजनेत चालते.

क्रम चुकला की सगळे फुकट जाते. आधी राज्य सरकारच्या महास्वयमच्या उद्योग पोर्टलवर अर्ज करून पात्रता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘एलओआय’ म्हणतात, ते घ्यायचे. मग बँकेची मंजुरी. मग मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा उतारा पोर्टलवर चढवून दर हप्त्यानंतर परताव्याचा दावा. कर्ज आधी उचलले आणि मग एलओआय काढायला गेले तर काही मिळत नाही. दुसरी गोष्ट: हप्ता पूर्ण आणि वेळेवर भरला तरच त्यातले व्याज परत येते. ‘महामंडळ भरेल’ म्हणून हप्ता थांबवू नका.

इतर मागासवर्गीयांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाकडे अशाच परताव्याची योजना आहे. अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुदान आणि बीजभांडवल योजना चालवते. या दोन्हींची उद्दिष्टे जिल्हावार ठरतात आणि वर्षाच्या अखेरीस संपलेली असतात. एप्रिल-मे मध्येच जिल्हा कार्यालय गाठावे.

पीएमईजीपीमधून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) दुकान काढता येईल का?

सर्वसाधारण किराणा-कापडाचे नाही. खादी, ग्रामोद्योग आणि या योजनेतल्याच उद्योगांचा माल विकणाऱ्या विक्री केंद्रांना परवानगी आहे. नक्षलग्रस्त आणि इतर काही भागांसाठी वेगळी सूट आहे. चालू धंद्याला ही योजना सहसा लागू नाही.

जीएसटीची मर्यादा 40 लाख आहे ना? मग मी निर्धास्त?

फक्त माल विकत असाल तर. महाराष्ट्रात आणि गोव्यातही मालाची मर्यादा 40 लाख आहे. पण काउंटरवर रिचार्जचे कमिशन, झेरॉक्स, पैसे पाठवण्याची सेवा असे काही असेल तर ‘फक्त माल’ ही अट तुटते आणि मर्यादा 20 लाखांवर येते. दुसरा गैरसमज म्हणजे सुट्या धान्या-डाळींवर कर नाही म्हणून ती विक्री धरायची नाही. मर्यादा मोजताना करमाफ विक्रीही धरावी लागते. फक्त करमाफ मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण असे दुकान शोधूनच सापडेल: साबण ठेवला की संपले.

नोंदणी करावीच लागली तर दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला कंपोझिशन पद्धत आहे. व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर 1 टक्का, दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत भरणा, वर्षाला एक विवरणपत्र. गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, राज्याबाहेर माल विकता येत नाही. घरगुती गिऱ्हाईक असलेल्या किराण्याला ही पद्धत सोयीची. हार्डवेअर किंवा स्टेशनरीवाला ठेकेदारांना, कार्यालयांना विकत असेल तर त्यांना वजावट हवी असते, मग ते दुसरे दुकान गाठतात. चालू नोंदणीतून कंपोझिशनमध्ये जायचे तर नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी पर्याय द्यावा लागतो.

यूपीआय घेतले की नोटीस येते म्हणतात. क्यूआर काढून टाकू का?

ही भीती 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकातून पसरली. तिथल्या राज्य कर विभागाने यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि बेंगळुरूत ‘यूपीआय नाही’ अशा पाट्या लागल्या. कर यूपीआयवर नसतो, उलाढालीवर असतो. घोळ होतो तो एकाच क्यूआरवर दुकानाचे पैसे, भिशी, मुलाची फी आणि नातेवाइकांची देवघेव येते तेव्हा. सगळी जमा विक्री दिसते, आणि तसे नाही हे सिद्ध करायचे काम तुमच्यावर येते. दुकानाचे चालू खाते आणि त्याचा क्यूआर वेगळा ठेवा. साध्या यूपीआयवर दुकानदाराला आकार नाही; साउंडबॉक्सचे भाडे जाते ते त्या कंपनीच्या यंत्राचे. डिजिटल जमेचा एक फायदाही आहे: अंदाजित नफ्याच्या पद्धतीत रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, डिजिटलवर 6 टक्के.

पुरात दुकान बुडाले. मदत कशी मिळते?

दुकानांसाठीची मदत प्रत्येक वेळी सरकारच्या निर्णयाने ठरते. 2021 च्या जुलैत चिपळूण, महाड, कोल्हापूर, सांगलीकडे पूर आला तेव्हा नोंदणीकृत किंवा परवानाधारक दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार रुपये, आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त 10 हजार रुपये असे ठरले होते. आकडे बदलू शकतात, पण दोन गोष्टी बहुधा लागतातच: पंचनामा आणि दुकान नोंदणीकृत असल्याचा पुरावा. गुमास्ता कायद्याखाली कमी कामगारांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तेवढीही न केलेले दुकानदार अशा वेळी अडकतात.

चिखल काढण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, ज्यात दुकानाची पाटी, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि रॅकवरचा माल एकत्र दिसेल. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. वास मारत असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून आणि मोजदाद करून मगच हलवा. खरेदीची बिले भिजली असतील तर पुरवठादाराकडून प्रती मिळतात, आणि जीएसटी पोर्टलवर खरेदीची नोंद असतेच.

दुकानाचा विमा कोणता घ्यावा?

एका जागी 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून आहे. आग, वीज, वादळ, पूर, दंगल यांचा त्यात समावेश असतो. नुसती घरफोडी त्यात नाही, ती वेगळी घ्यावी लागते.

दावा कापला जातो तो मुख्यतः कमी रकमेच्या विम्यामुळे. माल 8 लाखांचा, विमा 4 लाखांचा आणि नुकसान 3 लाखांचे झाले तर हातात येतात दीड लाखच, कारण निम्म्याच मालाचा विमा होता. तफावत 15 टक्क्यांपर्यंत असेल तर या पॉलिसीत ती सोडून दिली जाते. दिवाळीच्या साठ्याचा अंदाज धरून रक्कम ठरवा. गोदाम किंवा माळ्यावरची खोली वेगळ्या पत्त्यावर असेल तर तो पत्ताही पॉलिसीत हवा. सीसी असलेल्यांचा विमा बँकच काढते आणि खात्यातून पैसे वळते करते, पण पॉलिसीची प्रत क्वचितच कोणी मागतो. मागा, आणि पत्ता व रक्कम वाचा.

हातगाडी किंवा फुटपाथवरचा धंदा आहे. मुद्रा घ्यावे की स्वनिधी?

आधी पीएम स्वनिधी, म्हणजे फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना. ऑगस्ट 2025 मधल्या बदलानंतर पहिले कर्ज 15 हजार, दुसरे 25 हजार, तिसरे 50 हजार. योजना 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली आहे. वेळेवर फेडल्यास व्याजात 7 टक्के सवलत थेट खात्यात येते. दुसरे कर्ज फेडणाऱ्यांना यूपीआयला जोडता येणारे रुपे क्रेडिट कार्ड मिळू शकते. कागद एकच महत्त्वाचा: विक्रेता प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र. पालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणात नाव नसेल तर तिच्याकडून शिफारसपत्र घ्यावे लागते. पक्क्या गाळ्यातल्या दुकानाला ही योजना नाही.

हप्ते थकायला लागले आहेत. बँकेत कधी जावे?

पहिला हप्ता चुकण्याआधी. निदान 60 दिवस उलटण्याआधी. 90 दिवसांनी खाते एनपीए होते आणि मग मुदत वाढवणे, हप्ता कमी करणे या गोष्टी मॅनेजरच्या हातात फारशा उरत नाहीत. अर्ज लेखी द्या, सोबत विक्री का घटली त्याचा पुरावा (रस्त्याचे काम, पूर, आजारपण) आणि आता दरमहा किती झेपेल तो आकडा. ‘थोडे सांभाळून घ्या’ एवढ्या विनंतीवर बँक काही करू शकत नाही. ठरावीक आकडा असेल तर तो वरच्या कार्यालयाकडे पाठवता येतो.

‘कर्ज मंजूर झाले, फी भरा’ असा फोन आला तर?

फोन ठेवून द्या. मुद्रा ही संस्था थेट कोणाला कर्ज देत नाही आणि तिने एजंट नेमलेले नाहीत. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता कमी.

दुकानदाराला पेन्शन आहे का?

व्यापारी व स्वयंरोजगारितांसाठी 2019 मध्ये सुरू झालेली योजना आहे. वय 18 ते 40, उलाढाल दीड कोटीपर्यंत. वयानुसार दरमहा 55 ते 200 रुपये तुमचे आणि तेवढेच सरकारचे. साठीनंतर महिना 3,000 रुपये. आयकर भरणाऱ्यांना ती लागू नाही. नोंदणी सामाईक सुविधा केंद्रात होते. चाळिशी उलटलेल्यांनी निदान अपघात विमा (वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचे संरक्षण) आणि पन्नाशीच्या आत असल्यास जीवन ज्योती विमा (वर्षाला 436 रुपये) चालू ठेवावा. हप्ता मे महिन्यात खात्यातून वळता होतो. त्या दिवशी शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते.